अल्पमुदतीची शिक्षा आणि पुन्हा गुन्हा: 60 टक्के हा आकडा वाचायचा कसा?

पारिजात

नमस्कार. मी विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला असून दंडशास्त्राच्या विषयासाठी एक निबंध लिहीत आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 12 महिन्यांपेक्षा कमी मुदतीची शिक्षा भोगून सुटलेल्यांपैकी सुमारे 60 टक्के लोक वर्षभरात पुन्हा दोषी ठरतात, असे तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने 2010 च्या अहवालात नोंदवले होते. त्यानंतरच्या वर्षांतले आकडेही अर्ध्याहून बरेच वरच राहिले आहेत. आमच्या वर्गात या एकाच आकड्यावरून दोन तट पडले. एका गटाचे म्हणणे असे, की तुरुंगच माणसाला बिघडवतो. दुसऱ्याचे असे, की दोन-तीन महिन्यांच्या शिक्षेची कोणाला जरबच बसत नाही, तेव्हा मुदत वाढवावी. मला दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात, पण नेमके कुठे चुकते ते मांडता येत नाही. शिवाय आपल्याकडच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या कारागृहविषयक अहवालांत सराईत गुन्हेगारांचे प्रमाण अवघे काही टक्के दिसते. मग आपले तुरुंग इंग्लंडपेक्षा इतके चांगले आहेत असे समजायचे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

आकडेमोड

पारिजातताई, प्रश्न चांगला आहे. मी इंग्लंडमध्ये सांख्यिकीचे काम करतो; तुरुंग खात्याशी माझा संबंध नाही, पण हे आकडे बरीच वर्षे पाहत आलो आहे.

आधी हा आकडा मोजतात कसा ते पाहू. तिथल्या न्याय मंत्रालयाच्या व्याख्येनुसार सुटकेनंतर एक वर्षाच्या आत गुन्हा घडला पाहिजे आणि त्या वर्षात किंवा पुढच्या सहा महिन्यांत त्याबद्दल न्यायालयात दोष सिद्ध झाला पाहिजे किंवा अधिकृत ताकीद मिळाली पाहिजे. म्हणजे जे गुन्हे पकडलेच गेले नाहीत ते यात नाहीत, आणि दुकानातून उचललेल्या चीजच्या पाकिटापासून घरफोडीपर्यंत सगळे एकाच मापाने मोजलेले आहे. एकाच माणसाने वर्षात वीस वेळा चोरी केली तरी टक्केवारीत तो एकदाच येतो.

आता तुमच्या वर्गातल्या दोन तटांकडे. 60 टक्के हा आकडा शिक्षेचा परिणाम सांगत नाही. ती शिक्षा कोणाच्या वाट्याला येते, हे तो मुख्यतः सांगतो. इंग्लंडमध्ये किरकोळ चोरीबद्दल पहिल्याच खेपेला सहसा कोणी तुरुंगात जात नाही. दंड होतो, मग समाजात राहून भोगायची शिक्षा होते, मग स्थगित शिक्षा होते, आणि हे सगळे करून झाल्यावर दंडाधिकारी वैतागून सहा-आठ आठवड्यांसाठी आत पाठवतात. 2010 च्या त्याच अहवालानुसार अल्पमुदतीच्या कैद्यांच्या नावावर आधीच सरासरी 16 दोषसिद्धी होत्या. ज्याच्यापाशी सोळा दोषसिद्धी, व्यसन आणि राहायला जागा नाही, तो तुरुंगात न जाताही पुन्हा पकडला जाण्याची शक्यता दांडगीच असते. अतिदक्षता विभागातून सुटलेल्या रुग्णांचा मृत्युदर बाह्यरुग्ण विभागापेक्षा जास्त दिसतो, म्हणून अतिदक्षता विभाग माणसे मारतो असे आपण म्हणत नाही.

दीर्घ मुदतीच्या कैद्यांचे प्रमाण बरेच कमी दिसते, हा तुमच्या दुसऱ्या तटाचा आधार असावा. तोही तसाच फसवा आहे. दहा वर्षांनी सुटणारा माणूस दहा वर्षांनी मोठा झालेला असतो, त्याचा गुन्हा बहुधा वेगळ्या जातीचा असतो, आणि सुटल्यावर त्याच्यावर देखरेख असते.

मग खरा परिणाम शोधायचा कसा? सारख्याच वयाची, सारख्याच पूर्वेतिहासाची, सारख्याच गुन्ह्यातली माणसे घ्यायची. त्यांतली काही तुरुंगात गेलेली, काही बाहेर राहून शिक्षा भोगलेली. आणि मग तुलना करायची. न्याय मंत्रालयाने असा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात अल्प मुदतीच्या तुरुंगवासानंतर पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण, बाहेरच्या शिक्षांच्या तुलनेत, 4 टक्केबिंदूंनी अधिक आढळले. टक्केबिंदू म्हणजे 60 च्या जागी 64, असे समजा. चार टक्क्यांची वाढ नव्हे. निबंधात ही गफलत करू नका, परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.

तेव्हा पहिला तट दिशेच्या दृष्टीने बरोबर आहे, पण आकाराच्या बाबतीत फार चुकतो. चार टक्केबिंदू तुरुंगाचे, उरलेला डोंगर आधीपासूनचा. दुसऱ्या तटाला मात्र यात काहीच आधार मिळत नाही. एक सावधगिरी ठेवावी: आरोपी कोर्टात कसा वागला, त्याच्याबरोबर घरचे कोणी आले होते का, या गोष्टी दंडाधिकारी पाहतात, पण त्या नोंदीत येत नाहीत, आणि त्यामुळे थोडा फरक निवडीचाही असू शकतो.

काळा कोट

आकडेमोड यांनी इंग्लंडचे उत्तम सांगितले आहे. मी दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात वकिली करतो, म्हणून आपल्याकडच्या बाजूबद्दल लिहितो.

ताई, आपल्या अहवालातला आकडा हा दरच नाही. वर्षभरात तुरुंगात दाखल झालेल्या पक्क्या कैद्यांपैकी किती जण सराईत होते, एवढेच तो सांगतो. सुटलेल्यांपैकी किती परतले, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यासाठी सुटलेल्या प्रत्येक माणसाचा माग ठेवावा लागतो. छेदच वेगळे असल्यावर तुलना कसली करणार? त्यात ठाण्यात सुटलेला माणूस सुरतेत पकडला गेला, नावाचे स्पेलिंग बदलले, वडिलांचे नाव चुकले, की तो कागदावर नवाकोरा गुन्हेगार होतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आपल्याकडे अल्पमुदतीची शिक्षा निकालानंतर नव्हे, निकालाआधी भोगली जाते. 31 डिसेंबर 2022 रोजी देशातल्या कारागृहांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे जवळजवळ 76 टक्के. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 428, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 468, यांनुसार खटला चालू असताना काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. मोबाइल चोरीतला पोरगा, जामीन मंजूर झालेला, पण पंधरा हजारांचा जामीनदार मिळत नाही म्हणून चार महिने आत. तारखेला पोलिसांच्या गाडीतून येतो, आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि माझ्याकडे बघून विचारतो, "साहेब, कबूल केलं तर आज सुटेन का?" खरे उत्तर 'हो' असते. तो गुन्हा कबूल करतो, न्यायालय भोगलेल्या दिवसांइतकीच शिक्षा देते, आणि संध्याकाळी तो बाहेर. त्याने चोरी केली होती की नाही, हे कोणीच तपासलेले नसते.

आणि याची किंमत नंतर मोजावी लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा प्रथमच आली. कलम 303(2) प्रमाणे पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, माल किंवा त्याची किंमत परत केली असेल आणि आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे. 'पहिल्यांदाच' हा शब्द लक्षात घ्या. सुटकेच्या घाईत दिलेल्या त्या कबुलीमुळे पुढच्या खेपेला ही सवलत हातची जाते. शिवाय त्याचे नाव पोलिस ठाण्याच्या यादीत बसते. हद्दीत काही चोरीला गेले की आधी त्यालाच उचलतात. पुनर्गुन्ह्याचे जे मोजमाप होते त्यात माणसाच्या वागण्याइतकाच पोलिसांच्या सवयीचाही वाटा असतो, हे निबंधात अवश्य लिहा.

गल्ल्यावरचा

सर्वांचे वाचले. मी किराणा दुकानदार आहे, कायद्यातले कळत नाही. पण जो माणूस महिन्यातून चार वेळा माझ्या दुकानातून तेलाच्या पिशव्या उचलतो तो दोन महिने आत असेल, तर ते दोन महिने मला शांतता मिळते. तुमच्या चार टक्केबिंदूंत माझी ही शांतता कुठे मोजली आहे?

आकडेमोड

ती मोजलेली नाही, हे तुमचे म्हणणे रास्त आहे. हे अभ्यास सुटकेपासून मोजायला सुरुवात करतात, त्यामुळे आत असतानाच्या काळातला लाभ त्यांत येत नाही. मात्र इंग्लंडमध्ये अशा शिक्षेची साधारण अर्धीच मुदत आत जाई, आणि सप्टेंबर 2024 पासून बहुतेकांची त्याहूनही कमी. सहा आठवड्यांची शिक्षा म्हणजे फार तर तुमची तीन आठवड्यांची शांतता. त्या तीन आठवड्यांत त्याची भाड्याची खोली जाते, असलीच तर नोकरी जाते, व्यसनमुक्तीचा उपचार तुटतो, आणि तो परत येतो तो पूर्वीपेक्षा अधिक गरजू होऊन तुमच्याच गल्लीत.

सुटकेचा दिवस कसा असतो तेही सांगतो, कारण माझ्या मते या विषयाचे मर्म तिथे आहे. इंग्लंडमध्ये कैद्याला दारात हातखर्चाला कित्येक वर्षे 46 पौंड मिळत. 2021 मध्ये ते 76 झाले. सुटका बऱ्याचदा शुक्रवारी होई. दुपारी बाहेर पडलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत देखरेख अधिकाऱ्याकडे हजेरी, पालिकेच्या कार्यालयात निवाऱ्याचा अर्ज आणि औषधाची चिठ्ठी, एवढे सगळे उरकायचे असे. एक जरी चुकले तरी सोमवारपर्यंत सारे बंद. हे इतके ढळढळीत असूनही, शुक्रवारची सुटका दोन दिवसांपर्यंत अलीकडे आणण्याची मुभा देणारा कायदा व्हायला 2023 उजाडले.

देखरेखीच्या बाबतीत ताईंसाठी एक तपशील. फेब्रुवारी 2015 पूर्वी 12 महिन्यांहून कमी शिक्षा झालेल्या प्रौढांना सुटकेनंतर देखरेखच नव्हती. 2019 च्या अभ्यासातले चार टक्केबिंदू मात्र ही देखरेख आल्यानंतर सुटलेल्यांचे आहेत. 2014 च्या कायद्याने ती आणली. हेतू चांगला होता, पण त्याच वेळी परिविक्षा सेवेचे, म्हणजे अपराध्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेचे, तुकडे करून मोठा भाग खासगी कंपन्यांकडे दिला गेला आणि तो प्रयोग 2021 मध्ये गुंडाळावा लागला. हजेरी चुकवली म्हणून काही दिवसांसाठी पुन्हा आत, असे नवेच चक्र मात्र सुरू झाले.

स्कॉटलंडने वेगळी वाट धरली. दुसरा कोणताही मार्ग योग्य नसेल तरच तीन महिन्यांपर्यंतची शिक्षा द्यावी, असा नियम तिथे 2011 मध्ये आला, आणि जुलै 2019 पासून ही मर्यादा 12 महिन्यांवर नेली.

पारिजात

आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या निबंधाचा आराखडाच बदलला आहे. एक शंका उरते. आपल्याकडे अपराधी परिविक्षा अधिनियम 1958 पासून आहे आणि मुंबई प्रांताचा कायदा तर 1938 चा. 1958 च्या अधिनियमाच्या कलम 6 नुसार 21 वर्षांखालील अपराध्याला तुरुंगात पाठवायचे असेल तर न्यायालयाला कारणे नोंदवावी लागतात. एवढे सगळे हाताशी असताना त्याचा वापर इतका कमी का दिसतो?

निवृत्त अधिकारी

पारिजात, मी बरीच वर्षे परिविक्षा अधिकारी होतो, म्हणून हे उत्तर माझ्याकडे लागते.

अधिनियमाच्या कलम 4 खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडायचे, तर न्यायालयाने अधिकाऱ्याचा अहवाल असल्यास तो विचारात घ्यायचा असतो. अहवाल म्हणजे काय, तर मी त्या मुलाच्या घरी जायचे, आई काय काम करते, बाप पितो का, मुलगा कितवीत असताना शाळा सुटली, शेजारी काय म्हणतात, हे पाहून दोन पाने लिहायची. माझ्याकडे अख्खा जिल्हा होता, आणि महिला व बालविकास विभागाकडची इतर कामे त्याच टेबलावर. गाव गाठायला दोन एस.टी. बदलायच्या. अहवाल न्यायालयात पोहोचेपर्यंत तीन आठवडे सहज जात, आणि आरोपी आत असेल तर ते तीन आठवडे त्याचेच वाढत. वकीलसाहेबांनी वर जो प्रसंग लिहिला आहे तो इथेच जुळतो: कबूल केले तर आज सुटका, अहवाल मागवला तर पुढची तारीख. वकिलाने परिविक्षेचा अर्जच केला नाही म्हणून मी त्याला दोष देऊ शकत नसे.

तुरुंगाचा डाग आणि परिविक्षा यांत कायद्याने मोठा फरक केला आहे, तो मात्र फारसा कोणी सांगत नाही. कलम 12 प्रमाणे, कलम 3 किंवा 4 खाली सोडलेल्या व्यक्तीला त्या दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता लागू होत नाही. माझ्याकडचा एक मुलगा, सायकलचोरीतला, बंधपत्राच्या दोन वर्षांत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कार्यालयात यायचा आणि व्हरांड्यात चपला काढून दाराशी उभा राहायचा. सुरुवातीला मान खाली असायची. सहा महिन्यांनी वेल्डिंगच्या कामावर लागला, तेव्हा हजेरी बुडते अशी तक्रार करायला लागला, आणि मी त्याची वेळ बदलून संध्याकाळची केली. कार्यालय बंद होण्याची वेळ साडेपाचची होती. तो पावणेसहाला यायचा, म्हणून मी थांबायचो. हे कुठल्याही परिपत्रकात बसत नव्हते.

निबंधासाठी एक सुचवतो. तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या दंडाधिकारी न्यायालयात परवानगी घेऊन मागच्या वर्षीची निकाली काढलेली चोरीची प्रकरणे पाहा आणि त्यांतल्या किती रोजनाम्यांत, म्हणजे न्यायालयाच्या तारीखवार नोंदींत, परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवल्याची नोंद आहे, तेवढेच मोजा. 21 वर्षांखालील आरोपींची प्रकरणे वेगळी काढा, आणि तिथे तुरुंगवास दिला असेल तर कलम 6 ची कारणे किती ओळींत लिहिली आहेत, हेही टिपून ठेवा.