मदत हवी आहे: मणके ३३ आणि जोड्या ३१, हिशोब जुळत नाहीये

इंदूरकर_आई: कोणी पटकन सांगेल का, उद्या सकाळी व्हायव्हा आहे आणि पोरगी रडकुंडीला आलीये. मणके ३३, नसांच्या जोड्या ३१. बरं दोन कमी धराव्यात तर मानेत उलटं, तिथे मणके ७ आणि जोड्या ८. पुस्तकात नुसते आकडे दिलेत, कारण कुठेच नाही. लवकर सांगा प्लीज.

जुना_पलासिया: कुठल्या नसा? मेंदूतून निघतात त्या तर १२ जोड्या असतात. आणि मुलगी कितवीत आहे? दहावीला एवढं विचारत नाहीत.

इंदूरकर_आई: मेंदूच्या नाही हो, स्पायनल, कण्यातून निघतात त्या. मणके लिहिलंय ना! नर्सिंगचं पहिलं वर्ष आहे.

ग्वाल्हेरचे_काका: माझी एल४-एल५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली नस दबली होती, पोटरीपर्यंत करंट लागल्यासारखी कळ जायची. रोज भुजंगासन केलं आणि बरा झालो, बेल्टसुद्धा सुटला. मुलीला रात्रभर जागवू नका, सकाळी काही आठवत नाही मग.

फिजिओवाली: काका, तुम्हाला मानवलं म्हणून इथे सगळ्यांना सांगू नका. मागे वाकल्यावर कळ पायात आणखी खाली उतरत असेल तर ते आसन तिथेच थांबवायचं.

ग्वाल्हेरचे_काका: मी माझा अनुभव सांगतोय, औषध लिहून देत नाहीये.

एमजीएम_सेकंडइयर: मावशी, तिला असं सांगा. पहिली जोडी कवटी आणि पहिला मणका यांच्यामधून निघते, म्हणजे मणक्याच्या वरून, आणि मानेतल्या पहिल्या सातही अशाच आपापल्या मणक्याच्या वरून. मग सातव्या मणक्याच्या खाली आणि छातीच्या पहिल्या मणक्याच्या वर जी जागा उरते तिथून सी८, म्हणजे मानेतली आठवी जोडी. तिथून पुढच्या सगळ्या आपल्या मणक्याच्या खालून. मानेत ८, छातीत १२, कंबरेत ५, सेक्रममध्ये, म्हणजे कंबरेखालच्या त्रिकोणी हाडात ५. माकडहाडाचे मणके ४ धरतात पण जोडी एकच, म्हणजे तिथे ३ कमी, मानेत १ जास्त. झाले ३१.

पाठांतर_झिंदाबाद: जिभेचा नकाशा पण करून जायला सांगा, टोकाला गोड, मागे कडू. हमखास येतो.

फिजिओवाली: अहो तो नकाशा चुकीचा आहे, सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. विचारलंच तर नस विचारतील, पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव सातवी क्रेनियल नर्व्ह (मेंदूतून निघणारी नस) नेते, मागच्या भागाची नववी.

पाठांतर_झिंदाबाद: आमच्या पुस्तकात चित्रासकट होता.

इंदूरकर_आई: जिभेचं कोणी विचारलंय! मानेचं समजलं तिला, थँक्यू रे बाळा. आता म्हणते कॉर्ड, म्हणजे कण्यातला मज्जारज्जू, कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपते, मग खालच्या जोड्या येतात कुठून?

एमजीएम_सेकंडइयर: गर्भात आधी कॉर्ड कण्याच्या पूर्ण लांबीची असते, नंतर हाडं जास्त वाढतात आणि कॉर्ड मागे राहते, मोठ्या माणसात साधारण ४५ सेंटीमीटर. त्यामुळे खालच्या नसांची मुळं घोड्याच्या शेपटीसारखी लोंबत खाली येतात आणि आपापल्या जागी बाहेर पडतात, तेच कॉडा इक्वायना. म्हणूनच मोठ्यांचं पाठीतलं पाणी काढताना सुई एल३-एल४ किंवा एल४-एल५मध्ये घालतात, तिथे कॉर्ड नसते. नर्सिंगला हे विचारतीलच, नीट करून घ्या.

ग्वाल्हेरचे_काका: हर्नियाच्या ऑपरेशनला मला पाठीत सुई दिली होती, ती पण इथेच का?

इंदूरकर_आई: काका तुम्ही उद्या विचारा ना, तिच्या क्रेनियलच्या १२ अजून बाकी आहेत. ट्रायजेमिनल पाचवी ना?

फिजिओवाली: हो, पाचवी.