गिब्सनच्या लॅब्रॅडॉरची कबर आणि बदललेली शिळा

रानपाखरू: दुसऱ्या महायुद्धात जर्मन धरणांवरच्या हल्ल्याचे नेतृत्व करणाऱ्या, ब्रिटिश हवाई दलाच्या विंग कमांडर गाय गिब्सनच्या काळ्या लॅब्रॅडॉरच्या कबरीवरची जुनी शिळा काढून जुलै २०२० मध्ये तिथे नाव नसलेली नवी शिळा बसवली, याला 'इतिहासाची हत्या' म्हणणारा लेख काल इथे आला आणि तो वाचून गप्प राहवले नाही. त्या कुत्र्याचे नाव म्हणजे कृष्णवर्णीयांना हिणवणारी शिवी होती, ही गोष्ट लेखकाने अर्ध्या वाक्यात उरकली आहे. मी लीस्टरमध्ये राहते. बसथांब्यावर माझ्या मुलाला त्याच्या वर्णावरून शिवी ऐकावी लागली, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माणसांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. असा शब्द जपायचाच असेल, तर तो संग्रहालयात, संदर्भासह जपावा.

जुनी पाने: आपल्या मुलाच्या बाबतीत घडले ते संतापजनक आहे, परंतु त्यावरून १९४३ चा निवाडा करता येत नाही. १६ मेच्या रात्री गिब्सनच्या ६१७ व्या स्क्वॉड्रनची १९ लँकेस्टर बॉम्बफेकी विमाने इंग्लंडमधल्या स्कॅम्प्टनच्या हवाई तळावरून जर्मनीतली धरणे फोडायला निघाली. त्यांतले म्योने धरण फुटल्याचा सांकेतिक शब्द म्हणून याच कुत्र्याचे नाव ठरले होते आणि तो ग्रँथमच्या मुख्यालयात पोहोचला तेव्हाच कामगिरी फत्ते झाल्याचे कळले. नाव पुसल्यावर हा दुवा कबरीपाशी कोणाला सापडणार?

श्वानमित्र: नावावरून एवढे रण माजले, पण ते मुके जनावर गेले कसे, हे कोणी विचारत नाही. मोहिमेच्या तोंडावर ते तळाबाहेरच्या रस्त्यावर मोटारीखाली सापडले. मेसमध्ये त्याला बिअर पाजत, याचे तर आजही कौतुक होते, वास्तविक मद्य कुत्र्यासाठी विष आहे. आमचा बंड्या असाच टेम्पोखाली आला. मागचे पाय लुळे पडले होते, तरी मला पाहून त्याने शेपटी हलवण्याचा प्रयत्न केला. कुत्रा मोकळा सोडणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो.

जुनी पाने: कृपया विषयाला फाटे फोडू नका. चोवीस वर्षांचा तो अधिकारी अख्ख्या पथकाचा भार वाहत होता.

श्वानमित्र: पथकाचा भार पेलणाऱ्याला एक पट्टा जड झाला होता का? पाळलेल्या जिवाची जबाबदारी हाच इथला मूळ विषय आहे.

जुनी पाने: आपण जर्मनीवर असू त्या सुमारास, मध्यरात्री, त्याला पुरावे, असे सांगून गिब्सन विमानात बसला. यातही ज्यांना माया दिसत नाही, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

नदीकाठ: दोघेही थांबा. त्या रात्री ५३ वैमानिक आणि विमानांतले इतर कर्मचारी गेले आणि धरणांखालच्या खोऱ्यांत सुमारे १३०० माणसे बुडाली. त्यांत नेहाइमच्या छावणीत कोंडलेल्या, सोव्हिएत प्रदेशातून वेठीला आणलेल्या शेकडो मजूर स्त्रिया होत्या. माझ्या वडिलांनी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिला होता; पाणी ओसरल्यावर नारायण पेठेतल्या घरात माजघरातल्या फडताळापर्यंत चिखल होता आणि आजीचे दळणाचे जाते त्यात रुतून बसले होते. धरण फुटणे म्हणजे काय, हे आमच्या घराला ठाऊक आहे. कुत्र्याच्या शिळेवर आपण इतके लिहिले, त्या स्त्रियांवर एक ओळही नाही.

रानपाखरू: हे मान्य आहे, परंतु त्यामुळे शिवी क्षम्य ठरत नाही.

जुनी पाने: नदीकाठ यांचे म्हणणे नाइलाजाने स्वीकारतो. जुनी शिळा फोडून न टाकता संदर्भासह ठेवली जाणार असेल, तर माझा निम्मा आक्षेप मागे घेतो. उरलेला निम्मा कायम आहे.