मदत हवी: पोलिसांच्या काडतुसांचं टेंडर भरतोय, परवान्याच्या अटीवर अडकलोय (शुक्रवारी ५ ला बंद)

शिरोलीचा_पत्रेवाला | सोमवार, रात्री १०.१२
नमस्कार मंडळी. तातडीनं मदत हवी आहे. महाटेंडरवर (राज्य सरकारच्या निविदांच्या पोर्टलवर) शेजारच्या जिल्ह्यातल्या पोलिसांचं काडतुसांचं टेंडर आलंय, शुक्रवारी संध्याकाळी ५ ला बंद होतंय. डिजिटल सही आहे, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) आहे, तीन वर्षांचे ताळेबंद आहेत. अडलंय एकाच अटीवर: 'शस्त्र अधिनियम १९५९ अन्वये वैध परवाना जोडावा.' हा परवाना कुठं मिळतो आणि किती दिवसांत? फोन केला तर तिकडचा माणूस म्हणतो, अटीत लिहिलंय ते आणा. दुसरं, अनामत १८ हजार आहे, ती उद्यमवर माफ होते का? ज्यांनी स्वतः भरलंय त्यांनीच सांगा, इतिहास नको, वेळ नाही.

रंकाळा_काठ | रात्री १०.३१
तुम्ही काडतुसं बनवता की बंदुकीचं दुकान आहे? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

निविदा_सांगली | रात्री १०.४०
भावा, चार दिवसांत हे होणारं काम नव्हे. संरक्षण उत्पादन खासगीला २००१ साली खुलं झालं हे खरं, पण छोट्या हत्यारांच्या काडतुसांचा उत्पादन परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाकडून घ्यावा लागतो, शस्त्र नियम २०१६ प्रमाणे. जागा, साठवण, सुरक्षा, पोलीस पडताळणी, सगळं बघतात. कलेक्टर ऑफिसात अर्ज टाकून मिळणारी ही गोष्ट नाही. मी बारा वर्षं टेंडरं भरतोय. हे सोडून दे आणि जेमवर, म्हणजे केंद्राच्या सरकारी खरेदी पोर्टलवर, नोंदणी कर. २०१६ पासून पोर्टल सुरू आहे, खुर्चीपासून जॅकेटपर्यंत सगळं विकलं जातं. माझं सगळं काम आता जेमवरच आहे.

निवृत्त_हवालदार | रात्री ११.०५
मी ३१ वर्षं खात्यात काढली, त्यातली नऊ शस्त्रागारात. जिल्हा पोलीस काडतुसांचं टेंडर काढत नाहीत हो. आमच्या वेळी मुख्यालयातून वर्षाची मागणी जायची: कुठल्या हत्याराची, चांदमारीला (गोळीबाराच्या सरावाला) किती, बंदोबस्ताला राखीव किती. ती वर महासंचालक कार्यालयात एकत्र व्हायची आणि तिथनं ऑर्डर आयुध निर्माणीला. स्पर्धा नाही, बोली नाही, दर कारखान्याचा. पैसा राज्याचा, शिवाय पोलीस आधुनिकीकरणाची केंद्राची योजना १९६९-७० पासून चालू आहे, त्यातनंही हत्यारं यायची.
खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. वरणगावचा, जळगाव जिल्ह्यातला, बंदुकीच्या काडतुसांसाठीच ओळखला जातो. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, दारूगोळ्याची ती म्युनिशन्स इंडिया, मुख्यालय पुण्यातच. अश्रुधुराची नळकांडी मात्र टेकनपूरहून, सीमा सुरक्षा दलाच्या कारखान्यातून.
आणि नुसतं 'काडतूस' म्हणून चालत नाही. एसएलआर रायफलची गोळी ७.६२ बाय ५१ मिमी, एके-४७ ची ७.६२ बाय ३९. आकडा एकच, पण एकीची गोळी दुसरीत चालत नाही. इन्सास रायफलची ५.५६ बाय ४५, पिस्तुलाची आणि कार्बाइनची ९ बाय १९, जुनी थ्री नॉट थ्री निराळीच. मागणीपत्रात एक आकडा चुकला तर पेट्या परत पाठवायची पाळी. म्हणून विचारतो, टेंडरमध्ये कुठली काडतुसं लिहिली आहेत?

शिरोलीचा_पत्रेवाला | रात्री ११.२०
काका, काडतुसं नाहीत! पेट्या आहेत. काडतुसं ठेवायच्या लोखंडी पेट्या, रिकाम्या. शिरोली एमआयडीसीत माझं पत्र्याचं वर्कशॉप आहे. आमच्यात सगळे या कामाला काडतुसांचं टेंडर म्हणतात म्हणून तसं लिहिलं. १.६ मिमीचा सीआर पत्रा, दोन बाजूंना हँडल, कडी-कोयंडा, ऑलिव्ह ग्रीन पावडर कोटिंग, १२० नग. बंदुका उभ्या करायचे रॅकही आहेत.

रंकाळा_काठ | रात्री ११.२४
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. एवढा वेळ सगळे भलत्याच वाटेला लागले.

राधानगरीचा_शेतकरी | मंगळवार, सकाळी ६.५०
परवान्याचं निघालंय म्हणून सांगतो. माझ्याकडं बारा बोअर आहे, वडिलांच्या नावावरची माझ्या नावावर करून घेतली. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झालाय, आधी तीन वर्षांचा होता, आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं. मुदत संपायच्या आधी अर्ज करा, मागनं लई त्रास. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात, तेव्हा नेमका ऊस उभा असतो आणि गवे रानात. पोचपावती घेतल्याशिवाय बंदूक हातातनं सोडू नका.

शिरोलीचा_पत्रेवाला | सकाळी ८.१५
दादा, तुमचं बरोबर असेल, पण मला बंदूक बाळगायची नाही. पेटीला परवाना लागतो का एवढंच सांगा कुणीतरी.

वकील_ताराबाई_पार्क | सकाळी ९.३०
कायद्याची व्याख्या बघू. कलम २ मध्ये 'दारूगोळा' म्हणजे फक्त जिवंत काडतूस नाही. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा त्यात धरली आहेत. म्हणजे उद्या तुम्ही काडतुसाची पितळेची रिकामी पुंगळी बनवून विकायला काढली तर 'आत दारू नव्हती' हे सांगून सुटका नाही. पण साठवणीची पेटी हा काडतुसाचा भाग नव्हे. ती कपाटासारखी वस्तू. माझ्या मते परवाना लागत नाही.

निविदा_सांगली | सकाळी ९.५२
मॅडम, त्याच व्याख्येत 'स्फोटक ठेवण्यासाठी बनवलेल्या वस्तू' असंही आहे. पेटी कशासाठी बनवली? काडतुसं ठेवायला. काडतुसात काय असतं? दारू. मग बसली की व्याख्येत. एकदा काळ्या यादीत नाव गेलं की कुठंच भरता येत नाही, म्हणून मी भीती घालतोय.

वकील_ताराबाई_पार्क | सकाळी १०.१०
तो शब्द बॉम्ब, हातगोळे, तोफगोळे यांच्या रांगेत आलाय. ज्या वस्तूचं कामच स्फोटक पोटात घेऊन उडणं हे आहे, तिच्याबद्दल ते आहे. तुमच्या अर्थानं गेलं तर शस्त्रागाराची खोली बांधणाऱ्या गवंड्यालाही परवाना लागेल. पण माझं मत काही खरेदी अधिकाऱ्याचा निर्णय नव्हे. टेंडरचं पूर्ण नाव इथं टाका, बाबी किती आहेत ते सांगा, आणि आजच निविदा काढणाऱ्या कार्यालयाला ईमेल करा. फोनवरचं उत्तर उद्या तुमच्या बाजूनं कुणी सांगणार नाही.

शिरोलीचा_पत्रेवाला | सकाळी १०.४४
नाव: 'शस्त्रागारासाठी साहित्य पुरवठा व शस्त्र दुरुस्ती'. बाबी तीन. १) पेट्या, २) रॅक, ३) शस्त्र दुरुस्ती साहित्य व मजुरी. मी १ आणि २ भरणार आहे. परवान्याची अट पात्रतेच्या पानावर आहे, बाब क्रमांक काहीच नाही.

वकील_ताराबाई_पार्क | सकाळी १०.५१
मग गाठ इथंच आहे. कलम ५ मध्ये बनवणं आणि विकणं याबरोबर हत्याराची दुरुस्ती करणंही येतं, त्याला परवाना लागतोच. अट तिसऱ्या बाबीसाठी असणार आणि टंकताना सगळ्यांच्या माथी बसली. ईमेलमध्ये सरळ एकच प्रश्न विचारा: अट क्रमांक अमुक बाब १ व २ ला लागू आहे काय? शुद्धिपत्रक काढावे अशी विनंती करा.

गोकुळ_शिरगाव_सीएनसी | दुपारी १.०५
अनामतीचं राहिलंच. माफ आहे, भरू नको. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी केंद्राचं २०१२ चं खरेदी धोरण आहे, २५ टक्के खरेदी आपल्याकडून करायची बंधनं आहेत, त्यातले ३ टक्के महिला उद्योजकांकडून.

निविदा_सांगली | दुपारी १.२०
असलं अर्धवट सांगून माणसाला बाद करू नका. ते धोरण केंद्राची खाती आणि केंद्राच्या कंपन्या यांना लागू आहे. हे राज्याचं पोलीस खातं. राज्याची स्वतःची खरेदी नियमपुस्तिका आहे, १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाची. टेंडरमध्ये सूट लिहिली असेल तरच सूट. नसेल तर १८ हजार भर, परत मिळणारे पैसे आहेत.

गोकुळ_शिरगाव_सीएनसी | दुपारी १.४१
मला तीन ठिकाणी सूट मिळाली आहे.

निविदा_सांगली | दुपारी १.४४
त्या तीन ठिकाणी लिहिलं असणार. त्याच्या टेंडरमध्ये काय लिहिलंय हा प्रश्न आहे.

शिरोलीचा_पत्रेवाला | दुपारी २.३०
बघितलं. सूट लिहिलेली नाही. १८ हजार भरतो. खरं सांगायचं तर तेवढेसुद्धा जड आहेत. गेल्या वर्षी एका सरकारी कार्यालयाला कपाटं दिली, सात महिने झाले, बिल निघालेलं नाही. चार कारागीर आहेत माझ्याकडं, दोघांची पोरं कॉलेजला. दिवाळीला बोनस हातउसने घेऊन दिला. हे काम मिळालं तर मार्चपर्यंत वर्कशॉप चालेल, म्हणून जीव तुटतोय.

वकील_ताराबाई_पार्क | दुपारी ३.००
त्या बिलासाठी वेगळा धागा काढाच. सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या (एमएसएमई) २००६ च्या कायद्याचं कलम १५ म्हणतं, करारात काहीही असलं तरी ४५ दिवसांच्या पुढं पैसे अडवता येत नाहीत. कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज. एमएसएमईच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार टाका, ती थकीत बिलांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडं जाते. उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची असावी लागते. आधीची आहे ना?

शिरोलीचा_पत्रेवाला | दुपारी ३.०६
आधीची आहे. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, मॅडम.

दुधाळी_नेमबाज | दुपारी ४.१५
सगळे पेटीवर बोलताय, आतल्या काडतुसांचं बोला. पोलिसांनी खासगीकडून उघड निविदेनं काडतुसं घ्यावीत, म्हणजे दर उतरतील आणि सरावाला जास्त मिळतील. कानपूरला २०२४ मध्ये अदानींचा दारूगोळा कारखाना सुरू झालाच आहे. हात बसायला गोळी उडवावीच लागते. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ ला ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं, ते सरावाच्या किती हजार गोळ्यांवर! त्याची रायफल पॉइंट टू टूची, पोलिसांची वेगळी, पण हाताचा नियम तोच.

निवृत्त_हवालदार | संध्याकाळी ५.३०
सराव वाढावा हे माझंही म्हणणं आहे. पण सगळ्यात कमी दरवाल्याकडून काडतूस घ्यायचं हे मला पटत नाही. खुर्चीचा पाय मोडला तर माणूस पडतो. काडतूस पेटलं नाही तर समोरचा थांबत नाही. आम्ही प्रत्येक पेटीवरचा लॉट नंबर रजिस्टरला घ्यायचो. चांदमारीत एका लॉटची दोन काडतुसं फुसकी निघाली की तो लॉट बाजूला. पुंगळ्या मोजून परत घ्यायच्या, एक कमी पडली तरी अंधार होईपर्यंत गवत चाळायचं. हा हिशेब ज्याला झेपेल त्यानं विकावं, मग सरकारी असो नाहीतर खासगी.

दुधाळी_नेमबाज | संध्याकाळी ५.४८
काका, सगळ्यात कमी दर असं मी म्हटलं नाही. आधी चाचणी, त्यात पास होतील त्यांच्यातच दर.

निवृत्त_हवालदार | संध्याकाळी ६.०२
तसं असेल तर माझी ना नाही.

गोकुळ_शिरगाव_सीएनसी | रात्री ८.१०
पत्रेवाले, एक सुचवतो. पेट्याच करायच्या असतील तर खडकी-वरणगावच्या कारखान्यांच्या निविदांवर लक्ष ठेवा. केंद्राची कंपनी आहे, तिथं २०१२ चं धोरण खरोखर लागू होतं.

निविदा_सांगली | रात्री ८.२५
हे मात्र बरोबर बोलला.

शिरोलीचा_पत्रेवाला | गुरुवार, दुपारी १२.१०
शुद्धिपत्रक आलं! 'परवान्याची अट फक्त बाब क्र. ३ साठी लागू राहील.' मॅडम, तुमचे उपकार आहेत. आता दर भरतोय. काही काळजी घ्यायची?

निविदा_सांगली | दुपारी १२.२२
दरपत्रकाची एक्सेल फाईल उतरवून त्याच नावानं परत चढव, नाव बदललंस की घेत नाही. शुद्धिपत्रकावर सही-शिक्का मारून तांत्रिक पाकिटात (पात्रतेच्या कागदांच्या) टाक. दर तांत्रिक पाकिटात चुकूनही दिसता कामा नये. चूक झाली तर वेळेच्या आत पुन्हा सादर करता येतं, पण 'विथड्रॉ' दाबू नकोस, दाबलंस तर त्या टेंडरला परत भरता येत नाही. आणि उद्यावर ठेवू नकोस, शेवटच्या तासाला साइट हलत नाही.

शिरोलीचा_पत्रेवाला | दुपारी ३.४०
सादर झालं. पावती काढून ठेवली. तांत्रिक पाकीट सोमवारी उघडणार.

निवृत्त_हवालदार | दुपारी ४.०५
झाकणाला रबराची पट्टी धरली आहे का? टेंडरमध्ये नसेलही. आपल्याकडं जूनपासून शस्त्रागाराच्या भिंतींना ओल येते. साध्या झाकणाच्या पेटीत पितळेवर हिरवट डाग धरायचे, मग अख्खा पावसाळा काडतुसं एकेक पुसत बसायचो.

शिरोलीचा_पत्रेवाला | दुपारी ४.२०
टेंडरमध्ये नव्हती काका, आणि दर तर भरून बसलोय. उद्यमनगरात ईपीडीएम रबराची पट्टी मीटरवर मिळते, एका पेटीला दीड मीटर पुरेल. काम मिळालं तर माझ्याकडून घालतो. पट्टी झाकणाला चिकटवू की कडेला खाच पाडून बसवू?

निवृत्त_हवालदार | दुपारी ४.३१
खाच पाडून. चिकटवलेली दोन उन्हाळ्यांत सुटते.