पिकअपला ‘भाजीचा टेम्पो’ म्हणणाऱ्यांसाठी

घाटमाथ्यावरचा:
काल एका ग्रुपवर एका साहेबांनी ज्ञान पाजळलं. “बायकापोरं असलेल्या माणसाने पिकअप घेणं म्हणजे स्वतःच्या हौसेपायी घरच्यांना भाजीच्या टेम्पोत बसवणं. ऑफ-रोड पाहिजे ना? एसयूव्ही घ्या आणि गप्प बसा.” खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितोय.

आमचं घर पुण्यात, आंब्याची कलमं राजापूर तालुक्यात. मलकापूरवरून अणुस्कुरा घाट उतरायचा. डांबर संपलं की वाडीपर्यंत जांभ्याची वाट, मध्ये एक पऱ्या (ओढा), त्याच्या पलीकडे छातीवर येणारा चढ. गाडीत मी, बायको, दोन पोरं आणि आई. जाताना पाइप, पंप, खताची पोती. येताना आंब्याच्या पेट्या, फणस, तांदूळ. एसयूव्हीत यातलं अर्धं माणसांच्या मांडीवर येतं. पिकलेला फणस मागे ठेवून काचा बंद करून पुण्यापर्यंत येऊन दाखवा, मग मला ‘फॅमिली कार’ शिकवा.

आणि मी बघतोय त्या दोन टोयोटा, हायलक्स (मागे उघडा हौदा असलेली पिकअप) नि फॉर्च्युनर (एसयूव्ही), तर सख्खी भावंडं. तीच 2.8 डिझेल, ट्रकसारखी लॅडर फ्रेम दोघींना, अवघड चढासाठीचा लो-रेंज गिअर फोर बाय फोरमध्ये दोघींना. मग एक घरंदाज आणि दुसरी टेम्पो कशी काय?

स्प्रिंगपाटा:
भावंडं खरी, पण फॉर्च्युनरच्या मागे कॉइल स्प्रिंग आहेत आणि हायलक्सच्या मागे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. पाटे मालासाठी असतात. हौद्यात वजन असलं की पिकअप झकास बसते, रिकामी असली की मागचा धुरा टणाटणा उडतो. तुम्ही पुढे स्टिअरिंगला धरून बसलेले असता, तुम्हाला ते कळतच नाही. ते तुमच्या आईच्या कमरेला विचारा. त्यात मागच्या सीटची पाठ उभी, कारण तिच्या मागे लगेच केबिनची भिंत.

लांबीचंही बघा. हायलक्स 5325 मिमी, फॉर्च्युनर 4795. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, 3085 विरुद्ध 2745. चाकांमध्ये 34 सेंटीमीटर जास्त म्हणजे चढाच्या माथ्यावर पोट टेकायची शक्यता तेवढी जास्त. आणि हौद्याची शेपूट पऱ्यातून वर निघताना काठाला घासते ती वेगळीच.

घाटमाथ्यावरचा:
पोट टेकतं ते वाट निवडता न येणाऱ्यांचं. हौद्यात दोन पोती वाळू टाका, कच्च्यावर उतरताना टायरची हवा कमी करा, उडणं निम्म्यावर येतं.

स्प्रिंगपाटा:
म्हणजे रिकामी गाडी नीट चालावी म्हणून बाराही महिने वाळू वाहायची. वा. डिझेल काय भाव चाललंय माहीत आहे ना?

सेक्रेटरी_नाइलाजाने:
ही मोठी खेळणी घेणाऱ्यांनी आधी स्वतःच्या पार्किंगला टेप लावावी. आपल्याकडे नियमातली मोठ्या गाडीची जागा अडीच बाय पाच मीटर. 5.3 मीटरची गाडी त्यात उभी केली की फूटभर बाहेर येते आणि मग रोज रात्री मला फोन. आमच्याकडे एकाने आणलीय. त्याच्या शेजारचे आजोबा स्कूटर काढताना दर सकाळी त्याचा उद्धार करतात, आणि तो मला म्हणतो, “काका, खांब सरकवता येईल का?” खांब!

मागच्या_सीटवरची:
सगळे पुढच्या सीटवरून लिहिताय, म्हणून मी लिहिते. आमच्याकडे पिकअप आहे. ब्रँड सांगत नाही, उगाच त्यावरून नवीन रामायण नको.

चांगलं आधी सांगते. चिखलाचे बूट, ओल्या छत्र्या, चुलीचा धूर बसलेली गोणपाटं, सासऱ्यांची खेकड्यांची बादली, हे सगळं माणसांपासून लांब राहतं. हे सुख एसयूव्हीत नाही, मान्य.

आता जून महिना घ्या. ताडपत्री बांधलेली, घाटात पाऊस, मुलाला उलटी झाली आणि कपड्यांची बॅग हौद्यात. एसयूव्हीत मी मागे हात घालून टॉवेल काढला असता. इथे भर पावसात खाली उतरून दोरी सोडायला गेले तर गाठ भिजून आवळलेली, नखाला दाद देईना. शेवटी दातांनी सोडवली. बॅगेत पाणी गेलेलंच होतं. नवरा गाडीत बसून मला सांगत होता की पाटे आता छान बसलेत.

घाटमाथ्यावरचा:
ताई, यावर उपाय कॅनोपी. फायबरची बसवली की हौदा बंद, कुलूपही लागतं.

आरसीवाला:
बसवा, पण आरसीवर नोंद आहे का तेही सांगा. कंपनीने बनवली त्यापेक्षा गाडीची मूळ रचना बदलायची नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलंय. बुलबारवर, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी दांड्यांवर, तर डिसेंबर 2017 पासूनच बंदी आहे, तरी अर्धा कोकण लावून फिरतोय. आणि हौदा दिसतो मोठा म्हणून पेट्या रचू नका. आरसीवरचं एकूण वजन वाचा, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन आणि पाच माणसं वजा करा, मग उरलेल्यात किती पेट्या बसतात ते मोजा.

लालमाती_थार:
एवढं पुराण कशाला? महिंद्राची थार रॉक्स घ्या. डिझेलमध्येच फोर बाय फोर मिळते, 4428 मिमी लांबी, सेक्रेटरींच्या चौकोनात आरामात बसते. भारत एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच स्टार आहेत, पोरं मागे असली तरी जीव खालीवर होत नाही. सामान कमी घ्यायला शिका. आम्ही दर पावसाळ्यात देवगड-राजापूरकडच्या सड्यांवर जातो. मोकळा कातळ, डबकी भरलेली, गाडी सोडून द्यायची, पाणी छपरावरून उडतं. पोरं खिदळत असतात. फॅमिली ऑफ-रोड म्हणतात ते हे.

कातळवेडा:
थांबा. ही डबकी म्हणजे तुमच्या पोरांचं वॉटरपार्क नाही. जांभ्याच्या सड्यावर माती असते बोटभर. त्या बोटभर मातीत पावसाळ्यापुरता गेंद येतो, सीतेची आसवं येतात, किडे खाणारी दवबिंदू येते. एकदा चाक फिरलं की ती माती पुढच्या सरीत वाहून जाते आणि परत येत नाही. कासला गाड्या पठाराच्या बाहेर का ठेवायला लावतात, कधी विचार केलाय?

त्याहून वाईट म्हणजे याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी. 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कोरीव रेषा दोन-चार बोटं खोल, पावसाळ्यात पाण्याखाली आणि गवताखाली. कुठे गावाने भोवती दगडांचा गडगा घातलाय, कुठे काहीच नाही. तुमची दोन टनी गाडी कशावरून गेली हे तुम्हाला कळणारही नाही.

लालमाती_थार:
आले पर्यावरणवाले. सडा तुमच्या बापाचा आहे का?

कातळवेडा:
नाही, तुमच्याही नाही. बहुतेक सडे खाजगी मालकीचे आहेत, सातबारा काढून बघा. कोणाला विचारून घुसता?

लालमाती_थार:
त्याच सड्यावर चिऱ्याच्या खाणी चालतात. मशीन लावून अख्खा डोंगर कापून नेतात. तुमच्या घराच्या भिंती कशाच्या आहेत हो? तिथे गेंद दिसत नाही, माझे चार टायर बरे दिसले.

कातळवेडा:
खाणींबद्दल बोलायचं तर वेगळं बोलू, त्यात बरंच खरं आहे. पण शेजारी चोरी होते म्हणून मी पण थोडी करतो, हा युक्तिवाद पोरांसमोर करता का?

लालमाती_थार:
पोरांना मध्ये आणू नका. शेवटचं सांगतोय.

घाटमाथ्यावरचा:
धागा पिकअपचा आहे, विसरलात का? आमच्या वाडीची वाटच सड्यावरून जाते. बैलगाडीपासूनची चाकोरी आहे, आम्ही तिच्यातूनच जातो. आता कातळवेड्यांच्या परवानगीशिवाय आईला घरी न्यायचं नाही का?

कातळवेडा:
चाकोरीतून जा ना, कोण अडवतंय. चाकोरी सोडून डबक्यात उड्या मारणाऱ्यांबद्दल बोलतोय मी. ज्याला लागलं त्याला लागलं.

स्प्रिंगपाटा:
मूळ मुद्द्यावर येतो. घाटमाथ्यावरचे, तुमचा आंबा फार तर दोन महिने. उरलेले दहा महिने गाडीत फक्त माणसं. दोन महिन्यांच्या पेट्यांसाठी आईने दहा महिने पाट्यांवर का बसायचं? स्कॉर्पिओ-एनची डिझेल फोर बाय फोर घ्या, पेट्यांना गावातला टेम्पो सांगा.

घाटमाथ्यावरचा:
मे महिन्यात टेम्पो? आयत्या वेळी? ज्याच्याकडे टेम्पो आहे तो स्वतःचा माल वाशीला पाठवत असतो. मिळाला तरी तो सांगेल ते भाडं. बसून सल्ला द्यायला काय जातंय.

स्प्रिंगपाटा:
बरं, टेम्पोचं मान्य. मे महिन्यापुरते तुम्ही बरोबर. खूश?

मागच्या_सीटवरची:
इतकी चर्चा झाली, आईंना कोणी विचारलं का?

घाटमाथ्यावरचा:
विचारलं. ती म्हणाली, पायरी किती उंच आहे ते बघून ये, बाकी तुमचं तुम्ही ठरवा. हायलक्स नि फॉर्च्युनर दोन्हींचं दार उघडून टेप लावणार आहे. फूटबोर्ड असला तरी हायलक्सची सीट तिला उंच पडेल असं बायकोचं मत. मी अजून मान्य केलेलं नाही. डीलर टेस्ट ड्राइव्ह देतोय ती बाणेरच्या गुळगुळीत रस्त्यावर, तिथे पाटे काय कळणार? मी खडीच्या रस्त्यावर न्यायचं म्हटलं तर त्याचा चेहरा पडला.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
जाताय तसे लांबीलाही टेप लावा. विनंती आहे.

मागच्या_सीटवरची:
आणि टेस्ट ड्राइव्हला तुम्ही मागे बसा. आईंना पुढे बसवा, बायकोला चालवू द्या.

घाटमाथ्यावरचा:
हे बायकोला वाचून दाखवणार नाही. सड्याचं भांडण ज्यांना करायचंय त्यांनी कृपया वेगळा धागा काढा.

लालमाती_थार:
मी काढणार नाही. सुरुवात त्यांनी केली.

कातळवेडा:
मीही नाही. आधी सांगा, परवा तुम्ही टाकलेला तो गाडीचा व्हिडिओ कुठल्या सड्यावरचा होता?