अडतीवरच्या जुन्या डेस्कटॉपला एसएसडी टाकावी की मशीनच बदलावं?

विश्रामबागकर: सांगली मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. टॅलीचं, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, मशीन एच६१ मदरबोर्डाचं, थर्ड जनरेशन आय३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम. सकाळी चालू केलं की टॅली उघडेस्तोवर सौदे सुरू होतात आणि शेतकरी पट्टीसाठी (विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी) ताटकळतो. दुकानदार म्हणतो, मशीन बदला. मला पटत नाही. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर प्रोसेसर निवांत आणि डिस्क सारखी १०० टक्क्यांवर. मग दोष कुणाचा? २५६ जीबीची साटा एसएसडी (साटा केबलनं जोडायची, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) बूटसाठी, म्हणजे विंडोज तिच्यावरून चालू व्हायला, टाकायची आणि जुनी हार्डडिस्क डेटासाठी ठेवायची, हे माझं मत.

मिरजकर: साफ विरोध. एच६१ ला डिस्क जोडायला जुनं साटा-२ आहे, सेकंदाला ३ गिगाबिटचं. एसएसडीवर सेकंदाला ५५० एमबी छापलेलं असलं तरी तुम्हाला त्याच्या निम्माच वेग मिळणार.

विश्रामबागकर: तो आकडा मोठी फाइल कॉपी करताना. विंडोज उघडताना हजारो बारक्या फाइली डिस्कभर विखुरलेल्या असतात. ७२०० आरपीएमच्या डिस्कचं हेड प्रत्येक वेळी जागा शोधत फिरतं, त्यात दहाएक मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर वाचनं. एसएसडीत हलणारं काहीच नाही, साटा-२ वरही ती हजारोंनी वाचते.

मिरजकर: मान्य, वेग वाढेल. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा किमान आठव्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो. जीएसटी आणि बँकेचं काम त्याच मशीनवर करता ना? माझा मुद्दा तो आहे.

तासगावचा टेक्निशियन: मी विश्रामबागकरांच्या बाजूनं. एसएसडी वाया जात नाही, उद्या मशीन बदललं तर त्यात लागते. फक्त एनव्हीएमई (एम.२ नावाच्या स्लॉटमध्ये बसणारी एसएसडी) घेऊ नका, या बोर्डावर एम.२ चा स्लॉट नसतो. नवीन विंडोज टाकताना जुन्या हार्डडिस्कची केबल काढून ठेवा. नाहीतर बूटच्या फाइली जुन्याच डिस्कवर जाऊन बसतात आणि ती डिस्क काढली की मशीन उठत नाही. लोक हमखास इथंच अडकतात आणि खापर एसएसडीवर फोडतात. विंडोज टाकायच्या आधी बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साटा डिस्कसाठी एएचसीआय मोड आहे ना, बघून घ्या.

मिरजकर: आणि बॅकअप? हार्डडिस्क बऱ्याचदा खरखर करून इशारा तरी देते, एसएसडी बोलता बोलता जाते. डेटा परत मिळवणंही अवघड. २०१९ च्या महापुरात ज्यांचा टॅलीचा बॅकअप त्याच सीपीयूत होता, त्यांचे हाल सांगलीत कुणाला सांगायला नकोत.

विश्रामबागकर: बॅकअपचं शंभर टक्के पटलं. रोज पेनड्राइव्हवर घेऊन घरी न्यायचा. बँकेचं काम पोराच्या नव्या लॅपटॉपवर हलवतो. एसएसडी मात्र टाकणारच.

मिरजकर: टाका. पण ते मशीन नेटला जोडू नका, एवढं ऐका.