'नॉकिन ऑन हेवन्स डोअर': जी वरून डी वर जाताना अडखळतंय

खाडीकाठ (रत्नागिरी): बॉब डिलनचं 1973 चं गाणं गिटारवर बसवतोय. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) असे: जी, डी, ए मायनर, मग जी, डी, सी. सुटे कॉर्ड वाजतात, पण डी वर येईपर्यंत ताल सुटतो. शिवाय पाऊस सुरू झाल्यापासून तारा फार जोर लावल्याशिवाय दबत नाहीत.

सहावी तार (सदस्य): जी कॉर्ड चार बोटांनी धरा. सहावी (सर्वात जाड) तार तिसऱ्या पडद्यावर (दांडीवरची आडवी पट्टी) मधल्या बोटाने, पाचवी दुसऱ्यावर तर्जनीने, दुसरी आणि पहिली तिसऱ्यावर अनामिका-करंगळीने. डी ला अनामिका तिथेच राहते, बाकीची बोटं तिच्याभोवती फिरतात. अडखळणं इथेच निम्मं संपतं. जी दोन मात्रा, डी दोन, ए मायनर पूर्ण चार. मेट्रोनोम (ताल देणारं यंत्र) मिनिटाला 50 ठोक्यांवर ठेवा. आणि डी ला स्ट्रोक चौथ्या तारेपासून. सहावी वाजली की सगळं गढूळ.

देवगडी: जोर लागतोय तो दमटपणाने. लाकूड ओल धरतं, पुढची फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात. बाराव्या पडद्यावर सहाव्या तारेखालचं अंतर मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक, तीनच्या वर गेलं तर बोटं दुखणारच. लगेच सॅडल (फळीवर तारा टेकतात ती पट्टी) घासू नका हं, हिवाळ्यात फळी बसली की तारा पडद्यांवर खरखरतील. गिटार केसमध्ये ठेवा, सोबत ओल शोषणारं सिलिका जेल. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा, खाऱ्या हवेत लवकर गंजतात.

खाडीकाठ: मोजलं, साडेतीन! सिलिका जेल आणतो.