अंडी उबवायच्या यंत्रातून निघालेली २२ पिल्लं रात्रभर ओरडताहेत, काय चुकतंय?

परसदार_चिपळूण
गावठी कोंबडीची पिल्लं, आज दुसरा दिवस. पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्र अंथरून वर ९ वॅटचा बल्ब टांगलाय. सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात. एकाचे पाय दोन बाजूंना फाकलेत, दोघांच्या मागे घाण चिकटलीय. तांदळाची कणी ठेवली तर टिपत नाहीत. बाहेर सारखा पाऊस आहे.

खुराडं_आणि_डालगं
९ वॅटचा म्हणजे एलईडी. त्याचा उजेड पडतो, ऊब नाही. पिल्लं गारठलीत, ओरडतात ती त्यामुळेच. आधी तारेचा जुना पिवळा बल्ब आणा. १०० वॅटचा एक लावण्यापेक्षा ६० चे दोन बरे. रात्री एक गेला तरी दुसरा असतो. जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर टांगा. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस हवं, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी.

थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर खाली घ्या. लांब कडेला जाऊन चोची उघडून, पंख सोडून बसली तर वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वाऱ्याचा झोत येतोय.

चौकोनी खोकं काढा. कोपऱ्यात ढीग झाला की खालची गुदमरतात. दीड फूट उंचीच्या पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं तीन फूट रुंद गोल कडं करा, आत दोन इंच भाताचं तूस. पहिले दोन दिवस तुसावर खरखरीत पुठ्ठा टाका, नाहीतर दाणा समजून तूसच खातात. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात, तुमच्या पिल्लाचे फाकले ते बहुधा त्यानेच. मऊ चिकटपट्टीने दोन्ही पाय साधारण इंचभर अंतर ठेवून बांधा, तीन-चार दिवसांत सरळ होतात. आठवडा गेला की अवघड.

तूस_आणि_मका
मागची घाण ओढून काढू नका, कातडी सोलते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मऊ करून पुसा आणि लगेच उबेत ठेवा. अजून एक: पोटाखाली बेंबीला वाळलेला दोरा दिसेल, ती घाण नाही. त्याला हात लावायचा नाही.

दाण्याची घाई नको. पोटातला उरलेला पिवळा बलक दोन-अडीच दिवस पुरतो. आधी पाणी. कोमट पाण्यात लिटरला ५० ग्रॅम गूळ, तोही पहिलाच दिवस. चार-पाच पिल्लांची चोच बुडवून दाखवा, बाकीची बघून शिकतात. उथळ ताटलीत खडे टाका, नाहीतर आत पडून भिजतात. या हवेत भिजलेलं पिल्लू वाचणं कठीण. नुसत्या कणीवर वाढ होत नाही, प्रथिनं कमी पडतात. चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) आणा, तोवर मक्याचा बारीक भरडा. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य मात्र नको, त्यातलं जादा कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही.

खुराडं_आणि_डालगं
शेजारी कुणाची खुडूक कोंबडी तीन आठवडे अंड्यांवर बसलेली असेल तर अंधार पडल्यावर दहा-बारा पिल्लं तिच्या पंखाखाली सरकवा. पण आज-उद्याच. सकाळी नजर ठेवा, टोचायला लागली तर परत घ्या.

परसदार_चिपळूण
बल्ब बदलला, तासाभरात शांत झाली. लाइट गेली तर? आणि लसी कोणत्या?

तूस_आणि_मका
गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवा, वर गोणपाट टाका, एका बाजूने हवेला फट ठेवून. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नाही, तिच्या विषारी वायूने पिल्लंही जातात आणि माणसंही.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस ५ ते ७ व्या दिवशी, डोळ्यात एक थेंब. गंबोरो रोगाची लस १२ ते १४ व्या दिवशी. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, सहाव्यात देवीची, आठव्यात मानमोडीचीच आर-टू-बी. बाटली बर्फातून आणायची, कालवल्यावर तासाभरात संपवायची. छोटी बाटलीही बहुधा १०० मात्रांची असते, म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी आपापल्या पिल्लांना एकाच दिवशी लस द्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा.

तिसऱ्या आठवड्यापासून तूस ओलं राहू देऊ नका. पाण्याच्या भांड्याभोवतीचं रोज बदला. विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून अँप्रोलियम हे त्यावरचं औषध पाण्यातून सुरू करा.